डॉरिसबाईंच्या वडिलांचं दुकान

गेल्या महिन्यात आमच्या ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रशांतचा मेसेज आला. 'कळवण्यास दुःख होते की आपल्या चायनाटाउन वॉकच्या अफूवाल्या आजी पामर्स्टन नॉर्थ येथे वारल्या. फार गोड बाई.' खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. मग कोणीतरी विचारलं, 'म्हणजे काकांच्या गोष्टीतल्या? त्या खरंच होत्या?' दुसऱ्याने उत्तर दिलं, 'अरे, त्यांच्या वडिलांचाच तर अड्डा होता.' त्यावर प्रशांतने वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं.

ते काका म्हणजे मी. मी फोन उलटा करून ठेवला. सुमन, माझी बायको, समोर मेथी निवडत बसली होती. तिनेही ते वाचलं होतं. मान वर न करता ती म्हणाली, "आता तरी लिहा."

म्हणून लिहितो आहे. मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी माझा एक विनोदी लेख असतो, त्या अपेक्षेने कोणी वाचायला घेतलं असेल तर त्याने इथेच थांबावं.

डॉरिसबाईंचे वडील ऑकलंडच्या ग्रेज ॲव्हेन्यूवर फळांचं दुकान चालवत असत. त्या दुकानात अफू नव्हती. पुढे नव्हती, मागच्या खोलीत नव्हती, पडद्याआड नव्हती. ती तिथे मी नेऊन ठेवली. कशी, ते सांगतोच. पण बाई कोण होत्या हे आधी सांगायला हवं, कारण माझ्या गोष्टीमुळे आमच्या लोकांना त्या फक्त अफूवाल्याची मुलगी म्हणून माहीत आहेत.

आम्ही दोघं निवृत्तीनंतर पुण्याहून मुलाकडे सँडरिंगहॅमला राहायला आलो. मुलगा ईस्ट टामाकीला कामाला, सून हॉस्पिटलात, नात शाळेत; दिवसभर घरात आम्ही दोघंच. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या युनिटमधल्या बाई कुंपणापाशी आल्या. बुटक्या, पांढरे केस कानांपर्यंत कापलेले, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात फेजोआंनी गच्च भरलेली पिशवी. हे हिरवं अंड्याएवढं फळ एप्रिलच्या सुमाराला इथे घरोघरी इतकं पिकतं, की लोक ते एकमेकांच्या दारात ठेवून पळ काढतात. मी हसून आभार मानले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"ती वरची कॅप कुठे बसवलीस?"

"पुण्यात."

"काम चांगलं आहे. पण तू उजवीकडून चावत नाहीस."

त्यांचं इंग्रजी मी इथे मराठीत लिहितो आहे. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' एकच असतात, पण त्या मला 'तू'च म्हणताहेत असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलं. आणि खरंच मी उजवीकडून चावत नव्हतो.

बाई आयुष्यभर शाळांमध्ये दातांच्या नर्स होत्या. पूर्वी इथल्या प्रत्येक शाळेच्या आवारात एक छोटा दवाखाना असायचा आणि मुलं त्याला 'मर्डर हाउस' म्हणायची. बाईंना त्या नावाचा अभिमान होता. आमचा पोस्टमन, दाराएवढा धिप्पाड सामोअन गडी, त्यांना बघितलं की लांबूनच आ करायचा. "अजून मिठाई खातोस," त्या ओरडायच्या. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या छोट्या किराणा दुकानात, दुधाची बाटली घेताना त्या मालकाच्या मुलांना चॉकलेटच्या बरण्यांपासून लांब हाकलायच्या. मालक वडोदऱ्याचा. तो म्हणायचा, "डॉरिस, धंदा माझा आहे." "आणि दात त्यांचे," असं म्हणून बाई बाहेर.

पहिल्या भेटीत मी त्यांना विचारलं होतं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"माउंट ईडन."

"नाही, म्हणजे त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी ग्रेज ॲव्हेन्यू."

"नाही, म्हणजे चीनमध्ये कुठे?"

"चीनला मी एकदाच गेले, टूरबरोबर. पोट बिघडलं." मग त्यांनी मला विचारलं, "तू कुठला?" मी पुणे म्हणालो. "त्याच्या आधी?" आणि त्या खुदकन हसल्या.

डोमिनियन रोडवर एकदा एका तरुण चिनी विद्यार्थ्याने त्यांना मँडरिनमध्ये पत्ता विचारला. त्या म्हणाल्या, "सॉरी लव्ह, मला फक्त शिव्या येतात, आणि त्याही कँटनीजमधल्या." स्वयंपाक त्यांना मुळीच येत नसे. पावात सॉसेज, वर डब्यातलं बीट, झालं जेवण. सुमनने त्यांना एकदा हौसेने जेवायला बोलावलं आणि मंचुरियन केलं. बाईंनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"हे काय आहे?"

"चायनीज," सुमन म्हणाली.

बाईंनी वाडग्यात वाकून बघितलं. "कोणाचं?"

सुमन लाजेने लाल झाली. पण बाईंनी दोनदा मागून घेतलं, आणि पुढे दर वाढदिवसाला त्या तेच मागायच्या, "ते तुमचं चायनीज कर," म्हणून.

त्यांनी सुमनला पोहायला शिकवलं. भरती कधी आहे ते बघून त्या तिला आपल्या लाल गाडीतून पॉइंट शेव्हच्या किनाऱ्यावर घेऊन जायच्या. त्या गाडीत बसण्यापेक्षा समुद्रात पडणं सुरक्षित, असं सुमनचं मत होतं. जन्मात कमरेवर पाण्यात न गेलेली माझी बायको पंजाबी ड्रेसच्या आत टॉग्ज, म्हणजे पोहायचा पोशाख, घालून, मुलाला न सांगता जायची आणि ओल्या केसांनी परत यायची. "पाठीवर पड आणि आभाळाशी बोल," असं बाई तिला सांगायच्या. सुमन मराठीतून बोलायची म्हणे. काय बोलायची ते तिने मला सांगितलेलं नाही.

मला त्या एका रविवारी ग्रेज ॲव्हेन्यूला घेऊन गेल्या. तीच या सगळ्याची सुरुवात.

शहराच्या मधोमध, टाउन हॉलच्या मागून वर चढत जाणारा हा रस्ता. दोन्ही बाजूंना मोठी झाडं, कार्यालयं, फ्लॅट, गाड्या लावायच्या जागा. शंभर देशांची माणसं तिथून दुपारचा डबा घेऊन जाताना दिसतात. एके काळी इथे चिनी लोकांची वस्ती होती, हे सांगणारं मला तरी काही दिसलं नाही. सगळी दुकानं, चाळीवजा घरं पाडून झाली होती. बाई मात्र चालत होत्या त्या भरलेल्या गल्लीतून चालल्यासारख्या. मोकळ्या फरशीवरून सरळ जायचं सोडून त्या मध्येच वळसा घ्यायच्या.

"इकडून का?" मी विचारलं.

"तिथे वाँगबाईंची भिंत आहे. भिंतीतून कशी जाऊ?"

गाड्यांच्या एका रांगेपाशी त्या थांबल्या. एका चांदीसारख्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाल्या, "हे आमचं दुकान. तू सफरचंदांवर उभा आहेस." मी नकळत बाजूला झालो.

त्यांचे वडील पहाटे लिलावाला जात, फळं आणत, प्रत्येक सफरचंद बाहीला पुसून रचत. आत एक खोली होती आणि मध्ये हिरवा पडदा. रविवारी त्या खोलीत म्हातारे जमत. मांगेरे, पॅनम्युअर अशा भागांत भाजीचे मळे कसणारे हे लोक तरुणपणी एकटे आले होते. चिनी माणसावर देशात येण्याचा वेगळा कर होता, बायकोला आणणं कायद्याने जवळजवळ अशक्य होतं, म्हणून ते एकटेच म्हातारे झाले. आठवड्याभराची माती धुऊन, स्वच्छ सदरा घालून ते यायचे, आणि डॉरिसबाईंचे वडील त्यांचे केस कापायचे.

"चांगले कापायचे?"

"भयंकर कापायचे. पण त्यांच्या डोक्याला हात लावणारं दुसरं कोणीच नव्हतं ना."

पुढचं सांगताना बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. कोणीतरी तक्रार केली, की पडद्यामागे रविवारी चिनी लोक जमतात, नक्की अफू ओढत असणार. पोलिस आले. डॉरिस लहान होती, सफरचंदांच्या खोक्यावर बसली होती. पडदा बाजूला झाला. आत एक म्हातारा खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल, डोक्याची एक बाजू कापलेली, एक तशीच. पोलिसांनी गाद्या उलट्या केल्या, चहाचे डबे ओतले, काही मिळालं नाही. वडिलांनी विचारलं, "याचं डोकं पुरं करू का?" हवालदार म्हणाला करा. सगळे पोलिस उभे राहिले आणि वडिलांनी उरलेली बाजू कापली.

"मग?"

"मग काय! काही सापडलं नाही, हे कोणाला सांगत फिरणार? पोलिस आले होते एवढंच लोकांनी धरून ठेवलं. शाळेत मला विचारायचे, तुझे बाबा अफू विकतात? नर्स झाल्यावर एका मुलाची आई मला म्हणाली, तुम्ही त्या दुकानातल्या ना, दुसरी नर्स नाही का? बाबांनी त्यानंतर पडदा काढून टाकला. रविवारी सगळ्या रस्त्याला दिसेल असे केस कापायचे. म्हातारे हळूहळू यायचे बंद झाले. त्यांना उघड्यावर लाज वाटायची." मग म्हणाल्या, "हे मी फारसं कोणाला सांगत नाही."

आमच्या लोकांना माहीत आहे, मी कथाकथन करतो. पुण्यात कंपनीच्या गणेशोत्सवात करत असे, इथे मंडळात करतो. गोष्ट रंगवून सांगायची, हे आम्ही लहानपणापासून शिकलो. जी रंगली ती चांगली. त्या वर्षी गणपतीत मी ग्रेज ॲव्हेन्यूची गोष्ट घेतली. पहिल्या पाच मिनिटांत लोक फोन बघायला लागले. केस कापून घेणारे म्हातारे कोणाला हवे होते? मी बोलता बोलताच पडद्यामागे धूर सोडला. हॉल जागा झाला. मग मी चिलीम आणली, जुगार आणला, तळघर आणलं. शेवटी वडिलांना हातकड्या घालून नेलं तेव्हा टाळ्या थांबेनात.

प्रशांत पेनरोजला एका गोदामात संगणक बघतो आणि मंडळाचा सचिव आहे. तो धावत आला. "काका, अफलातून! याचा वॉक करू. हेरिटेज वॉक! सगळी फॅमिली पब्लिक येईल." आणि आली. मी दर महिन्याला टोपी घालून त्या रस्त्यावर लोकांना नेऊ लागलो. प्रशांतने व्हिडिओ काढला, मुलांसाठी माझ्याकडून इंग्रजीतही बोलून घेतला आणि इंटरनेटवर टाकला. सुमन पहिल्या वॉकला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "हे डॉरिसने सांगितलं तुम्हाला?" मी म्हणालो, "गोष्ट आहे गं ती. कोणाचं नाव घेतलंय का मी?" त्यानंतर ती आली नाही.

एका रविवारी मी माणसं मोजत उभा असताना टेकडीखालून बाई आल्या. डोक्यावर उन्हाची टोपी, खांद्याला थर्मास. "सुमन म्हणाली तू इथे आमच्या रस्त्याची माहिती देतोस. मला सांगितलं का नाहीस?" त्यांचा चेहरा खुलला होता. मला वाटतं, सुमनने मुद्दामच सांगितलं होतं.

त्या दिवशी मी खरी गोष्ट सांगू शकलो असतो. त्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनाच सांगायला लावलं असतं तर त्याहून चांगला वॉक झाला नसता. मी सुरुवातही बरी केली, 'या आमच्या शेजारच्या आंटी, यांच्या वडिलांचं दुकान इथेच होतं,' म्हणून. सफरचंदं, लिलाव, पहाट. तेवढ्यात प्रशांत ओरडला, "काका, अफू येऊ दे!" सगळे हसले. मी बाईंकडे बघितलं. त्या आमच्याबरोबर हसत होत्या, कशाला ते न कळता. आणि माझ्या मनात आलं, मराठीतच तर सांगायचंय. यांना काय कळणार?

मग मी सांगितलं. कसं सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहितो, म्हणजे माझा मूर्खपणा दिसेल. "मग काय, बॅकडोअरने पोलिस आत! रेड! कर्टन बाजूला केला, तर स्मोकच स्मोक! म्हातारे सगळे ओपियमचे पाइप घेऊन फ्लोअरवर फ्लॅट! आणि शॉपकीपर? तो शांतपणे ॲपल पॉलिश करतोय! म्हणतो, सर, फ्रूट हवंय का? डायरेक्ट अरेस्ट!" हे मी मराठी समजत होतो. यातल्या कुठल्या शब्दाला भाषांतर लागणार होतं? शिवाय चिलीम ओढायचा अभिनय होताच, गाल आत ओढून, डोळे बारीक करून. तो डोळे बारीक करण्याचा अभिनय मी अजून कोणाला सांगितलेला नव्हता. आता लिहिला.

डोळे उघडले तेव्हा बाई थर्मासचं झाकण लावत होत्या. फिरवून घट्ट बसलं तरी त्या ते फिरवतच होत्या.

टाळ्या झाल्या. कोणीतरी त्यांना इंग्रजीत विचारलं, "आंटी, तुम्ही इथेच राहायचात ना? हे सगळं खरं आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या 'नाही' म्हणाल्या असत्या तर माझी त्या लोकांसमोर काय शोभा झाली असती, ते त्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "तो फार छान सांगतो."

मला त्यांनीच गाडीतून घरी आणलं. वाटेत बससमोर गाडी घातली, ड्रायव्हरला हात केला, हवेबद्दल बोलल्या. मी माफी मागायची वाट बघत होतो. म्हणजे, ती माझ्या तोंडून आपोआप येईल याची. ती आली नाही. घर आलं.

पुढेही त्या फेजोआ द्यायच्या, पण सुमनच्या हातात. सुमनला पोहायला न्यायच्या. मला इथला नमस्कार, 'किया ओरा', एवढंच म्हणून पुढे जायच्या. मी वॉक थांबवला, गुडघ्याचं कारण सांगून. व्हिडिओ होता तिथेच राहिला.

दोन हिवाळे गेले. बाईंना गाडी चालवायला मनाई झाली, एकदा बाथरूममध्ये पडल्या. पामर्स्टन नॉर्थला त्यांच्या भावाचा नातू डॅनियल राहतो, युनिव्हर्सिटीत शिकतो; त्याच्या आईवडिलांनी त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. निघण्याच्या आधी त्या आमच्याकडे आल्या. सुमन बाहेर गेली होती. त्या बसल्या नाहीत.

"डॅनियलने तुझा व्हिडिओ बघितलाय," त्या म्हणाल्या. "रस्ता ओळखला, दुकान ओळखलं. त्याला वाटतं त्याचे पणजोबा अफूवाले होते. त्याला ते आवडलंय. मी सांगितलं तसं नव्हतं म्हणून. त्याला वाटतं म्हातारी घराण्याची अब्रू झाकतेय. मी सांगून उपयोग नाही. तू सांग. तू सांगितलंस तर तो ऐकेल. मला दुसरं काही नको."

मी म्हणालो, "तो तुम्हाला न्यायला येईल तेव्हा समोरासमोर सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

त्या गेल्यावर मी खुर्चीत बसून वाक्यं जुळवली. इंग्रजीत, मग मराठीत, मग पुन्हा इंग्रजीत.

आता पुढचं आधी सांगून टाकतो. बाई वारल्याचं प्रशांतला डॅनियलने व्हिडिओखाली लिहिलेल्या ओळीवरून कळलं होतं; त्याचा मेसेज वाचल्यावर मी डॅनियलचा नंबर मिळवून त्याला फोन केला. सगळं सांगितलं, केस कापण्यापासून. तो म्हणाला, "आंटी डॉरिस हेच सांगायची. शेवटी शेवटी रोज सांगायची. आम्ही म्हणायचो, ओके आंटी, ओके." मी सॉरी म्हणालो. तो सभ्य मुलगा आहे, त्याने फोन केल्याबद्दल माझे आभार मानले. व्हिडिओ प्रशांतने काढून टाकला, जरा नाराजीने. "काका, एवढं काय त्यात? एंटरटेनमेंट होती." प्रशांतला दोष द्यायचा नाही. अफू त्याने मागितली, पण होती माझ्याकडे.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या सकाळी. सामान मागे भरलेलं, त्या पुढच्या सीटवर, मांडीवर पर्स, पट्टा लावून तयार. सुमनने खिडकीतून त्यांना मिठी मारली आणि रडत रडत घरात गेली. डॅनियल गाडीला वळसा घालून माझ्याकडे आला, हात पुढे केला. उंच, हसरा पोरगा.

"सर, ती गोष्ट तुमचीच ना? मी फ्लॅटवर सगळ्यांना दाखवली. जाम आवडली. आमच्या फॅमिलीत असं काही भारी झालंय हे मला माहीतच नव्हतं!"

गाडीत रेडिओ चालू होता. बाईंनी हात लांब करून तो बंद केला, आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या.

डॅनियल हसत उभा होता. त्याला गोष्ट आवडली होती. मी जुळवलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती. मी म्हणालो, "सावकाश चालव. तौपोच्या पुढे पाऊस सांगितलाय."

"स्वीट ॲज, काळजी नको," तो म्हणाला आणि गाडीत बसला.

बाईंनी अजून जरा वाट बघितली. मग समोर तोंड केलं आणि रेडिओ पुन्हा लावला. गाडी निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यातल्या बातम्या मला ऐकू येत होत्या.